अडलेलं प्रकरण वाचता आलं पाहिजे

कामकाजाची प्रक्रिया सांभाळणारं सॉफ्टवेअर साधं आहे की नाही, हे पडद्यावरची बटणं मोजून कळत नाही. एखादं प्रकरण मध्येच अडकतं तेव्हा कळतं. बिल मंजूर झालंय, पण पैसे गेलेले नाहीत. अर्जावर तीन आठवडे 'प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतंय. तक्रार 'बंद' दाखवतेय, पण तक्रारदाराला उत्तर मिळालेलं नाही. अशा वेळी समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला तीन गोष्टी सांगता यायला हव्यात: प्रकरण आत्ता कोणाकडे आहे, तिथे का थांबलं आहे, आणि ते पुढे सरकवायला कोणी काय करायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन न करता त्याला हे सांगता आलं, तर ते सॉफ्टवेअर साधं. एरवी पडदा कितीही देखणा असो, आतला गुंता कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्यासमोर ताटकळणाऱ्या माणसाच्या माथी येतोच. आमचं म्हणणं असं, की ही परीक्षा खरेदीच्या वेळीच घ्यावी, आणि तिच्यात जे नापास होईल ते सोयींनी कितीही भरलेलं असलं तरी घेऊ नये.

या सॉफ्टवेअरचं मूळ काम फार मोठं नाही. प्रत्येक प्रकरणाची नोंद ठेवायची, पुढचं काम कोणाचं ते ठरवायचं, मुदतीवर लक्ष ठेवायचं, ठरलेले नियम लावायचे आणि कोणी, कधी, काय केलं ते पुसता येणार नाही अशा रीतीने लिहून ठेवायचं. आत एक इंजिन असतं. प्रक्रियेची आकृती त्याला दिली की प्रत्येक प्रकरणासाठी ते एक टोकन, म्हणजे प्रकरण कुठे आहे ते दाखवणारी खूण, सुरू करतं आणि हे टोकन आकृतीतल्या एका चौकटीतून (म्हणजे टप्प्यातून) दुसऱ्या चौकटीत सरकत जातं. टोकन जिथे, तिथे प्रकरण. बाकी फॉर्म, रिमाइंडर, अहवाल, डॅशबोर्ड हे सगळं या टोकनाभोवती उभं केलेलं असतं.

मग गुंता येतो कुठून? पहिलं उत्तर खरेदीच्या पद्धतीत आहे. खरेदी करणारे एक आणि वापरणारे दुसरे. खरेदी करणाऱ्यांच्या हातात वैशिष्ट्यांची यादी असते आणि ज्याच्या नावापुढे जास्त खुणा, त्याला जास्त गुण. यादीत एखादी सोय घालायला काहीच खर्च येत नाही, म्हणून प्रत्येक विभाग आपली एकेक घालतो. विक्रेत्याच्या डेमोत नवी प्रक्रिया कशी झटपट काढता येते ते दाखवतात. अडकलेलं प्रकरण कसं शोधायचं, चुकून पुढे गेलेलं मागे कसं आणायचं, मंजुरी देणारी व्यक्ती रजेवर गेली तर काय, हे सहसा कोणी दाखवत नाही आणि कोणी विचारतही नाही. वापरणाऱ्याचे दिवस मात्र याच तीन प्रश्नांत जातात.

दुसरं उत्तर आकृतीच्या भाषेत सापडतं. प्रक्रिया काढण्याची आज जगभर चालणारी चिन्हभाषा म्हणजे बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ साली आली, २.० ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संघटनेने प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. २.० चा तपशील ५०० हून अधिक पानांचा आहे आणि चिन्हं, त्यांचे उपप्रकार धरून, शंभरावर जातात. २००८ साली संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या १२० आकृत्या तपासल्या. तेव्हाच्या सुमारे ५० चिन्हांपैकी एका आकृतीत सरासरी ९ च्या आसपास वेगवेगळी चिन्हं आढळली. म्हणजे भाषेचा जेमतेम पाचवा भाग नेहमीच्या वापरात होता. आम्हाला यात भाषेचा दोष दिसत नाही. प्रमाणभाषेला सगळ्यांच्या गरजा सामावून घ्याव्या लागतात. दोष तिथे होतो, जिथे एखादी संस्था 'आमचं साधन १०० टक्के बीपीएमएन चालवतं' या वाक्यावर भाळते आणि मग आकृती काढणारा ती सगळी चिन्हं वापरायला लागतो. सुरुवात, शेवट, माणसाचं काम, यंत्राचं काम, एकच वाट निवडणारा चौक (वाटा जिथे फुटतात किंवा जुळतात ती जागा), सगळ्या वाटा एकदम सोडणारा चौक, मुदतीचं घड्याळ आणि उपप्रक्रिया, एवढ्या आठ चिन्हांत कार्यालयीन कामाचा फार मोठा भाग नीट मांडता येतो. नववं वापरायचं असेल तर का, ते वापरणाऱ्याने लिहून द्यावं.

समितीत दोन मतं आली की दोन्ही ठेवायची, ही सवय किती महाग पडते याचं जुनं उदाहरण म्हणजे बीपीईएल, ही प्रक्रिया संगणकासाठी लिहून काढण्याची भाषा. आयबीएमची एक भाषा आलेखाच्या रीतीने (टप्पे बाणांनी जोडून) लिहायची, मायक्रोसॉफ्टची दुसरी ठोकळ्यांच्या रीतीने (टप्पे एकात एक बसवून). २००२ मध्ये दोन्ही एकत्र केल्या, तेव्हा दोन्ही रीती आत राहिल्या. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिता येऊ लागली. २००७ साली ती ओॲसिस या मानक-संघटनेचं मानक झाली, पण माणसाने करायचं काम त्या मूळ भाषेत नव्हतंच. त्यासाठी वेगळी जोड द्यावी लागली. कार्यालयातली बहुतेक प्रक्रिया माणसांच्या हातून पुढे जाते, आणि नेमकं तेच बाहेर राहिलं.

आता गुंता प्रत्यक्षात कसा चावतो ते जवळून पाहू. चौक, म्हणजे गेटवे, ही आकृतीतली सगळ्यात धोक्याची जागा. समजा, बिल आलं की दोनपैकी एकच तपासणी करायची आहे: माल असेल तर गोदामाची, सेवा असेल तर संबंधित विभागाची. आकृती काढणाऱ्याने पुढे दोन्ही वाटा जोडताना 'सगळ्या येईपर्यंत थांब' हा चौक घातला. एकच वाट चालू झालेली आहे, दुसरीकडून टोकन येणारच नाही. प्रकरण तिथे कायमचं थांबतं. ना चूक दाखवली जाते, ना कोणाच्या यादीत काम दिसतं, कारण इंजिनाच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, ते वाट पाहतंय. आता उलट चूक घ्या. दोन्ही तपासण्या एकदम करायच्या आहेत, वाटा बरोबर फुटल्या, पण जोडताना 'जी येईल ती पुढे सोड' हा चौक आला. गोदामाची तपासणी संपली की टोकन पुढे जातं, पैसे देण्याचं काम सुरू होतं. विभागाची तपासणी संपली की दुसरं टोकन पुढे जातं आणि पैसे देण्याचं काम पुन्हा सुरू होतं. एका बिलाचे दोनदा पैसे.

हीच चूक चौक न काढताही होते, आणि जास्त वेळा होते. एका चौकटीतून सरळ दोन बाण काढले की काढणाऱ्याच्या मनात असतं 'यातला एक'. बीपीएमएनच्या नियमाप्रमाणे, बाणांवर अट लिहिलेली नसेल तर दोन्ही वाटा एकदम सुरू होतात. त्याच दोन वाटा पुढच्या चौकटीत चौकाविना शिरल्या, की ती चौकट दोनदा चालते. कागदावर आकृती अगदी निर्दोष दिसते, बैठकीत सगळे मान डोलावतात. पाच चौकटींच्या आकृतीत अशी चूक डोळ्यांना टोचते. साठ चौकटींत ती वर्षभर लपून राहते.

तिसरा चौक 'एक किंवा अनेक' वाटांचा. तो सोयीचा वाटतो, कारण 'लागतील त्या तपासण्या करा' हे एका चिन्हात बसतं. पण जोडताना इंजिनाला ठरवावं लागतं की अजून कुठून टोकन येण्याची शक्यता आहे का. त्यासाठी मागची सगळी आकृती तपासावी लागते. आकृतीत मागे फिरणारी वाट असेल तर 'मी त्याची वाट पाहतोय, तो माझी' अशी कोंडी होऊ शकते. म्हणजे या चिन्हाचा अर्थ त्या जागी उभं राहून कळत नाही, पूर्ण आकृती डोक्यात धरावी लागते. यान मेंडलिंग, हायो रायर्स आणि विल व्हान डर आल्स्ट यांनी २०१० साली आकृत्यांसाठी सात मार्गदर्शक नियम मांडले, त्यात हा चौक टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे. बाकीचे नियमही तितकेच सरळ आहेत: कमीत कमी घटक, एका घटकाला कमीत कमी वाटा, एक सुरुवात आणि एक शेवट, फुटलेली वाट त्याच प्रकारच्या चौकात जुळावी, कामाचं नाव क्रियापदासह लिहावं आणि आकृती ५० घटकांच्या पुढे गेली की तिचे भाग करावेत. नावाचा नियम किरकोळ वाटतो, पण तसा नाही. चौकटीवर 'कार्यवाही' लिहिलं असेल तर प्रकरण अडल्यावर कोणालाच काही बोध होत नाही. 'बिलाची रक्कम ऑर्डरशी ताडून पाहा' असं लिहिलं, तर काय राहिलं आहे ते कोणालाही समजतं.

गुंत्याचं गणित साध्या गुणाकाराचं आहे. एकामागून एक आठ चौक, प्रत्येकाला दोन वाटा, की प्रकरण जाऊ शकेल असे मार्ग होतात २५६. चाचणी करणारा दहा-बारा मार्ग तपासतो आणि प्रक्रिया सुरू होते. उरलेल्या मार्गांची चाचणी खऱ्या प्रकरणांवर, खऱ्या माणसांच्या वेळेच्या खर्चात होते.

मंजुऱ्यांचंही तसंच. सहा जणांची मंजुरी, प्रत्येकाचं प्रत्यक्ष काम ५ मिनिटांचं, म्हणजे एकूण काम अर्ध्या तासाचं. प्रत्येक टेबलावर प्रकरण सरासरी एक दिवस पडून राहिलं की सहा दिवस गेले. सॉफ्टवेअरने ५ मिनिटांची ३ केली तरी सहा दिवस सहाच राहतात. त्यात प्रत्येक टप्प्यावर १०० पैकी ९५ प्रकरणं पहिल्या झटक्यात पुढे जात असतील, तर सहाही टप्पे न अडखळता पार करणारी ७३-७४ च उरतात. बाकीची कुठेतरी परत फिरतात आणि पुन्हा रांगेला लागतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे रोज कामाला येतो: प्रलंबित प्रकरणं म्हणजे रोज येणारी प्रकरणं गुणिले सरासरी लागणारे दिवस. रोज ४० येत असतील आणि सहा दिवस लागत असतील, तर कोणत्याही दिवशी २४० प्रकरणं पेंडिंग असणार. ती कमी करायला आणखी एक पेंडिंगचा डॅशबोर्ड लावून काही होत नाही. दोन मंजुऱ्या काढल्या की ती १६० वर येतात.

मंजुरी वाढते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. काहीतरी गैर घडतं, चौकशी होते आणि अहवालात शिफारस येते की यापुढे अमुक अधिकाऱ्याचीही सही घ्यावी. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट वाढवायला दहा मिनिटं लागतात. कागदाच्या काळात नवी सही म्हणजे नवा रकाना, नवा फॉर्म, छपाई. त्या त्रासामुळे चार वेळा विचार व्हायचा. आता तो अडसर राहिला नाही, म्हणून चौकटी वाढत जातात. काढण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते, कारण काढली आणि पुन्हा काही घडलं तर बोट काढणाऱ्याकडे जाईल. आणि सहावा सही करणारा नेमकं काय तपासतो? आधी पाच जणांनी पाहिलंय, या भरवशावर तो सही करतो. पहिला सही करणाराही पुढचे पाच बघतीलच, या भरवशावर. तपासणी सहा ठिकाणी वाटली जाते आणि कुठेच पुरती होत नाही.

सॉफ्टवेअर आणण्याआधी प्रक्रिया सडसडीत करावी, हे सांगणारं प्रसिद्ध उदाहरण व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० साली मांडलं. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात ५०० हून अधिक लोक होते आणि माझ्दा या जपानी मोटार कंपनीच्या त्याच विभागात ५. फोर्डमध्ये परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि इन्व्हॉइस या तीन कागदांतल्या १४ बाबी जुळल्याशिवाय पैसे निघत नसत, आणि लोकांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जाई. फोर्डने इन्व्हॉइसच काढून टाकलं. माल आला की गोदामातला माणूस संगणकावर ऑर्डर बघतो, जुळलं तर माल घेतो आणि पैसे निघतात. नाही जुळलं तर माल परत. जुळवायच्या बाबी उरल्या तीन: भाग क्रमांक, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा संकेतांक. मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटलं. जुन्याच पद्धतीवर चांगलं सॉफ्टवेअर चढवलं असतं, तर फोर्डच्याच अंदाजाप्रमाणे २० टक्क्यांच्या आसपास बचत झाली असती. या दोन आकड्यांमधलं अंतर कोणत्याही साधनाने भरून निघत नाही. ते काम माणसांनी टेबलाशी बसून, काय वगळायचं ते ठरवून करावं लागतं.

यावर अनुभवी लोकांचा आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, वास्तवच गुंतागुंतीचं आहे. कायदा आहे, लेखापरीक्षण आहे, ज्याने ऑर्डर दिली त्यानेच पैसे सोडू नयेत ही अट आहे, शेकडो अपवाद आहेत. साधेपणाच्या नावाखाली हे कापलं, तर ते नाहीसं होत नाही. ते ईमेलमध्ये, एक्सेलच्या फाइलींत आणि फोनवरच्या तोंडी सूचनांत जातं, आणि मग कोणत्याच लॉगमध्ये सापडत नाही. हे अगदी खरं आहे. दोन वेगळ्या माणसांची सही जिथे फसवणूक रोखते तिथे ती राहिलीच पाहिजे, आणि तिला गुंता म्हणणं चूक आहे. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हे मान्य करूनच पुढे बोलावं. प्रश्न उरतो तो ही आवश्यक गुंतागुंत कुठे ठेवायची हा, आणि तिथे बहुतेक संस्था चुकीची जागा निवडतात. त्या सगळं आकृतीत कोंबतात.

नियमांची जागा तक्त्यात आहे. समजा, खरेदीची मंजुरी कोणी द्यायची ते तीन गोष्टींवर ठरतं: रकमेचे तीन स्तर, पुरवठादाराशी करार आहे की नाही, आणि गरज तातडीची आहे की नाही. आकृतीत मांडलं तर चौकांमागून चौक आणि बाणांची जाळी. तक्त्यात मांडलं तर तीन गुणिले दोन गुणिले दोन, अशा १२ ओळी. नियम बदलला तर एक ओळ बदलायची, आकृतीला हात लावायचा नाही. हिशेब विभागातला माणूस तो तक्ता स्वतः वाचू शकतो आणि 'ही ओळ चुकली आहे' असं बोट ठेवून दाखवू शकतो. अशा तक्त्यांसाठी डीएमएन हे मानक २०१५ पासून आहे. तक्त्यातही चुका होतात, पण त्या हुडकता येतात. सगळ्यात नेहमीची चूक सीमेवरची. एका ओळीत 'मर्यादेपर्यंत' आणि पुढच्या ओळीत 'मर्यादेपासून' लिहिलं, की नेमकी मर्यादेइतकी रक्कम दोन्ही ओळींत बसते. दोन्हीकडे 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा जास्त' लिहिलं, तर ती कुठेच बसत नाही आणि प्रकरण अडतं. म्हणून तक्त्याला 'एका वेळी एकच ओळ लागू' हा कडक नियम लावावा. दोन ओळी लागू झाल्या तर साधनाने तिथेच चूक दाखवावी. 'पहिली लागू होईल ती घ्या' हा सोपा पर्याय घेतला, तर ओळींचा क्रम हाच एक लपलेला नियम होऊन बसतो, आणि कोणी तक्ता क्रमवार लावायला गेलं की निर्णय बदलतात.

अपवादांची जागा माणसाकडे आहे. प्रत्येक अपवादाला आकृतीत वाट काढायचा मोह आवरावा. गेल्या तीन महिन्यांची पूर्ण झालेली प्रकरणं घ्यावीत, प्रत्येक कोणत्या टप्प्यांतून गेलं ते लॉगमधून काढावं आणि एकसारखी एकत्र मोजावीत. दोन-तीन मार्गांत बहुतेक प्रकरणं येतात आणि पुढे एकेका प्रकरणाचं लांबलचक शेपूट निघतं, असं चित्र सहसा दिसतं. आकृती त्या दोन-तीन मार्गांचीच काढावी. शेपटासाठी प्रत्येक मानवी टप्प्यावर दोन सोयी पुरतात: 'कारण लिहून मागे पाठवा' आणि 'कारण लिहून विशेष हाताळणीकडे द्या'. विशेष हाताळणी म्हणजे नाव ठरलेली एक व्यक्ती, तिच्याकडे प्रकरणाचे सगळे कागद, तिला काय करण्याचा अधिकार आहे याची लेखी मर्यादा, आणि तिने केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद. दर महिन्याला ती कारणं वाचावीत. एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याला तक्त्यात ओळ द्यावी. कारणाचा रकाना मोकळा ठेवावा. ठरावीक पर्यायांची यादी दिली की घाईत सगळे 'इतर' निवडतात आणि शिकायला काही उरत नाही.

साधेपणाची खरी किंमत बदल करताना कळते. आकृती बदलली, की नवी प्रकरणं नव्या आकृतीने चालतात आणि चालू असलेली साधारणपणे जुन्याच आकृतीने पूर्ण होतात. प्रकरण आठ दिवसांत संपणारं असेल तर जुनी आवृत्ती आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप रिकामी होते. प्रकरणं सहा महिने चालणारी असतील आणि दर महिन्याला बदल होत असेल, तर पाच-सहा आकृत्या एकाच वेळी जिवंत असतात. एकाच टेबलावर येणारी दोन प्रकरणं दोन वेगळ्या नियमांनी चालतात आणि कर्मचाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. चालू प्रकरणं नव्या आकृतीत हलवता येतात, पण प्रत्येक टोकनाला नवीन जागा दाखवावी लागते. जुना टप्पाच काढून टाकला असेल तर टोकन ठेवायचं कुठे? दोन समांतर वाटांपैकी एक संपलेली, एक अर्धवट, अशा प्रकरणांचं काय? दहा चौकटींच्या आकृतीत ही जुळणी कागदावर तासाभरात होते. साठ चौकटींच्या आकृतीत ती इतकी अवघड होते की लोक बदल करायचंच टाळतात, आणि नियम बदलला तरी सॉफ्टवेअर जुनंच चालत राहतं.

यंत्राकडे सोपवलेल्या टप्प्यांचा एक वेगळा धोका आहे. इंजिनाने बँकेच्या यंत्रणेला पैसे पाठवायला सांगितलं, तिने पाठवले, पण उत्तर येताना जोडणी तुटली. इंजिनाला वाटतं काम झालं नाही, ते पुन्हा प्रयत्न करतं. समोरच्याने ओळखावं म्हणून प्रत्येक आदेशाला एकमेव क्रमांक दिलेला नसेल, तर पैसे पुन्हा जातात. हा क्रमांक बाहेरच्या यंत्रणेला दिलेल्या प्रत्येक आदेशाला लागतो. एका प्रक्रियेत बाहेरच्या तीन यंत्रणा असतील तर तीन ठिकाणी, पंधरा असतील तर पंधरा ठिकाणी. विसरायला एक जागा पुरते.

आता लो-कोड साधनांबद्दल. चौकट ओढा, सोडा, बाण जोडा, प्रोग्रामर लागत नाही, असा त्यांचा दावा. छोट्या प्रक्रियांसाठी तो खराही ठरतो. पण प्रक्रिया वाढली की चौकटींच्या आत छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे, जमायला लागतात: इथे तारीख बदला, तिथे नाव शोधा, अमुक विभाग असेल तर हा टप्पा गाळा. आकृती वरून तशीच साधी दिसते, निर्णय मात्र आत गाडलेले. त्या स्क्रिप्ट एका जागी शोधता येत नाहीत, दोन आवृत्त्यांत काय बदललं ते ताडून पाहता येत नाही, चाचणी लिहिता येत नाही. प्रोग्रामरच्या फाइलींत हे सगळं निदान उघड्यावर असतं. साधन निवडताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा: निर्णय घेणारी प्रत्येक ओळ एका जागी मजकूर म्हणून बाहेर काढता येते का? नसेल येत, तर तो साधेपणा रंगरंगोटीचा आहे.

रिमाइंडरचंही थोडक्यात. मुदत संपली की वरिष्ठांना मेल, आणखी दोन दिवसांनी त्यांच्या वरिष्ठांना. पहिला महिना धाक राहतो. मग दिवसाला चाळीस मेल येतात, लोक ते वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप टाकायची सोय करतात आणि खरोखर महत्त्वाचा मेलही तिथेच जातो. सकाळी एकदा, प्रत्येकाच्या नावावर पडून असलेल्या प्रकरणांची एक यादी, सगळ्यात जुनं वर, हे त्याहून कितीतरी उपयोगी पडतं.

हा विषय केवळ संस्थांच्या आतल्या सोयीचा असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पेन्शन, परवाना, विम्याचा दावा, शाळेतला प्रवेश, रुग्णालयाचं बिल, हे सगळं आता अशाच इंजिनांतून जातं. खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, 'सिस्टीम घेत नाही.' तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच माहीत नसतं की नियम आड येतोय, आकृतीतली चूक आड येतेय, की एक रिकामा रकाना. नियमाने नाकारलं तर त्यावर दाद मागता येते, कारण नियम कुठेतरी लिहिलेला असतो आणि त्याला कोणाची तरी सही असते. आकृतीतल्या चुकीच्या चौकाने अडवलं तर दाद कोणाकडे मागायची? ज्या संस्थेतल्या कोणालाही आपली प्रक्रिया वाचता येत नाही, तिथे जबाबदारी नावापुरती उरते. म्हणून सार्वजनिक कामासाठी असं सॉफ्टवेअर घेताना वाचता येण्याची अट निविदेत, गुणांसह, लिहिलेली असावी.

ती अट मोजता येईल अशी लिहिता येते. डेमोच्या दिवशी विक्रेत्याच्या साधनात आपणच तीन प्रकरणं अडकवावीत: एक चुकीच्या चौकात, एक रजेवरच्या माणसाच्या यादीत, एक उत्तर न देणाऱ्या बाहेरच्या यंत्रणेपाशी. मग रोज हे काम करणाऱ्या, पण ते साधन पूर्वी न पाहिलेल्या दोन कर्मचाऱ्यांना बसवावं. एका तासाची ओळख द्यावी आणि तिन्ही प्रकरणं शोधायला, कारण सांगायला आणि पुढे सरकवायला अर्धा तास द्यावा. विक्रेत्याच्या माणसाने खोलीबाहेर थांबावं. त्यानंतर तक्त्यातला एक नियम बदलायला सांगावा आणि किती ठिकाणी हात लावावा लागला ते मोजावं. शेवटी आकृती, तक्ते आणि चालू प्रकरणांच्या नोंदी दुसरीकडे वाचता येतील अशा रूपात बाहेर काढून दाखवायला सांगाव्यात. करारात आणखी एक कलम घालावं: प्रत्येक मंजुरीच्या टप्प्याला तो मागणाऱ्याचं पद, मागण्याचं कारण आणि एक वर्षाची मुदत असेल. मुदत संपताना तो टप्पा ठेवण्यासाठी पुन्हा लेखी मागणी करावी लागेल, आणि त्या मागणीसोबत वर्षभरात त्या टप्प्यावर किती प्रकरणं नाकारली किंवा दुरुस्त केली गेली तो आकडा जोडावा लागेल. आकडा शून्य असेल तर टप्पा पुढच्या आवृत्तीत राहणार नाही.